चुंबकाला फुटल्या मिशा

“लागला! मासा लागला!” शेपटाने एवढ्या जोरात बोंब ठोकली की कठड्यावर चढून बसलेली भिंगरी हौदात पडता पडता वाचली.

“आधी तू खाली उतर!” मावसभाऊ तिच्यावर खेकसला. “आणि तू रे, इथे कसले आलेत मासे? रंगकारखान्याचं पाणी आहे हे!”

शेपटाने गळ वर काढला. गळ म्हणजे दोरीला बांधलेला लोहचुंबक. घरी तो कागदी माशांना टाचण्या टोचून दिवसभर ते पकडत बसायचा. कागदी मासे आज घरीच राहिले होते, पण म्हणून काय झालं? गळ आहे, पाणी आहे, मग टाकायलाच हवा! आणि आता त्या चुंबकाला चक्क काळ्याभोर, ओल्या मिशा फुटल्या होत्या.

“ई! उंदीर आहे का तो?” मावसभाऊ दोन पावलं मागे सरकला.

भिंगरीने मिशांवरून बोट फिरवलं. त्या एका बाजूला झुकल्या आणि लगेच पुन्हा ताठ उभ्या राहिल्या. “अरे, हे मावशीचे कण आहेत! हे इथे कसे आले?”

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच काय ते ऐकू येई. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. जेवतानाही तिचा एक पाय हलत असे, आणि त्यावरून आईचा ओरडा रोजचाच. तिच्या मागे मागे फिरतो म्हणून धाकट्या भावाचं शेपूट झालं होतं. मावशीच्या मुलाला सगळे शंकासुर म्हणत, कारण ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ म्हटलं तरी तो विचारी, “कशावरून?”

या सुट्टीत मात्र मावशीच्या घरात कुणालाच चैन नव्हतं. मावशीने एक काळी पूड तयार केली होती. तिचा एकेक कण इतका बारीक की केसाच्या जाडीत हजारो सहज मावतील! कापड रंगवून उरलेल्या पाण्यात ही पूड टाकली की रंग त्या कणांना चिकटून बसे. मग ते पाणी चुंबकांच्या पन्हळीतून जाई. चुंबक कणांना ओढून धरत आणि कणांबरोबर रंगही अडकून पडे. शेवटच्या हौदात येई ते नितळ पाणी. चुंबकांवरचे कण धुऊन पुन्हा वापरता येत.

पण अलीकडे हौदातलं पाणी राखेसारखं करडं दिसत होतं. आज दुपारी तपासणीसाठी पाहुणे येणार होते. पाणी असंच राहिलं तर मावशीचा प्रयोग बंद, आणि रंगाचं पाणी पूर्वीसारखं थेट ओढ्यात! तो ओढा मावशीच्या अंगणामागूनच वाहायचा. आज लाल, उद्या निळा. शंकासुराने जन्मात कधी त्यात पाय बुडवला नव्हता.

तिघं धावत कारखान्यातल्या मावशीच्या प्रयोगशाळेत गेले. मावशी डोळे ताणून पूड ढवळत होती. सकाळचा चहा तसाच गार झाला होता.

“मावशी, चुंबकांत काहीतरी गडबड आहे! तुझे कण हौदात आलेत!”

“ते दिसतंय गं मला. पण चुंबक मॅनेजरांनी स्वतः पाहिलेत. एकदम चकाचक आहेत म्हणाले. माझीच पूड बिघडलीय.” मावशीचा आवाज जडावला. “आता जा बाळा. आणि कृपा करून एका जागी बस!”

भिंगरी बाहेर आली ती येरझाऱ्या घालतच. मावशीचा तो आवाज तिला सहन होत नव्हता. अचानक ती थबकली.

“चकाचक? दिवसभर त्यांच्यावरून कण वाहतात, मग चुंबक चकाचक कसे? ते तर काळेकुट्ट व्हायला हवेत!”

“कशावरून?” शंकासुराने विचारलंच.

“शेपटाच्या गळावरून! चला, बघूनच येऊ!”

चुंबकांच्या खोलीत रंगरंगोटी चालली होती. दारातच मॅनेजरकाका उभे. काका माणूस वाईट नव्हता, पण त्यांना टापटिपीचं भारी वेड. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी झाडांच्या कुंड्यासुद्धा पुसून घेतल्या होत्या.

“आत यायचं नाही! ओला रंग आहे!”

शंकासुर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “काका, फाटकावरचा स्वागताचा फलक जरा वाकडा वाटतोय. डावीकडे, का उजवीकडे?”

“वाकडा?” काका असे सुटले की त्यांची चप्पल मागेच राहिली!

भिंगरी आणि शंकासुराने पन्हळीचं झाकण उचललं. आत चुंबकांच्या कांड्या ओळीने उभ्या होत्या. पण प्रत्येक कांडीला पिवळ्याधमक, जाड प्लॅस्टिकच्या नळीचा अंगरखा! कोपऱ्यात नळीचे उरलेले तुकडे पडले होते. भिंगरीने शेपटाचा चुंबक पुसून एका तुकड्यात घातला आणि शेपटाच्या खिशात सापडलेली टाचणी बाहेरून लावली. टाचणी टपकन खाली पडली.

“चुंबकाचं सगळं बळ जवळून असतं,” शंकासुर पुटपुटला. या खेपेला त्याने कशावरून ते विचारलं नाही.

“काय चाललंय इथे?” काका धापा टाकत परतले होते. “फलक सरळच होता!”

“काका, ही कव्हरं कुणी घातली?”

“मी! दुसरं कोण?” काकांची छाती फुगली. “ते काळं काळं घासून माणसांचे हात मोडले. पाहुण्यांना तसले घाणेरडे चुंबक दाखवायचे? मग मीच डोकं लढवलं!”

“पण त्यामुळेच तर कण निसटतात!”

“लहान तोंडी मोठा घास! जा, खेळा बाहेर!”

एवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. पाहुणे आले! मावशी त्यांना घेऊन थेट हौदापाशी गेली. आता तिला बाजूला घेऊन सांगायचं कसं? भिंगरीचे हात शिवशिवत होते. तिने नळीचा एक तुकडा उचलला आणि धूम ठोकली. तिच्या मागोमाग दोघं भाऊ आणि काकाही धावले.

तपासणीच्या मोठ्या बाईंनी काचेच्या बरणीत पाणी घेऊन उजेडात धरलं. करडं पाणी! त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“मी कबूल करते,” मावशी खाली मान घालून म्हणाली. “माझी पूड…”

“मावशी, थांब!” भिंगरी मध्ये घुसली. सगळे तिच्याकडे पाहू लागले. पण आता माघार कसली? ती काकांकडे वळली. “काका, तुमची नवी युक्ती पाहुण्यांना दाखवा ना! नाहीतर कळणार कसं, डोकं कुणी लढवलं ते?”

काका हरभऱ्याच्या झाडावर चढले. शेपटाचा चुंबक त्यांनी ऐटीत भिंगरीच्या हातातल्या नळीत घातला, नळीची दोन्ही तोंडं बोटांनी दाबली आणि ती बरणीत बुडवून वर काढली. “बघा बाई! आहे कुठे काळा डाग? झळझळीत!”

“आता माझा गळ!” शेपटाने नळीतून चुंबक काढून घेतला आणि दोरीने त्याच बरणीत सोडला.

चुंबक वर आला. मिशा! यावेळी तर दाढीसुद्धा!

मावशीने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा मिशांकडे, आणि तिचा चेहरा झरझर बदलला.

“मॅनेजर, तुम्ही चुंबकांना कव्हरं घातलीत?”

“म्हणजे… पाहुणे येणार म्हणून…” काकांचा चेहरा पडला.

“अहो, चुंबक काळे होणं हेच तर त्यांचं काम आहे!” मोठ्या बाई म्हणाल्या. “काढा ती कव्हरं. आणि हौद रिकामा करून, ते पाणी पहिल्यापासून पुन्हा सोडा. मी थांबते.”

मग एकच धांदल उडाली! कव्हरं निघाली, पंप सुरू झाला. भिंगरी नळाच्या तोंडाशी उभी राहून नखं खात होती. पूडच खरंच बिघडली असेल तर? सगळ्यांसमोर मावशीचं हसं तर होणार नाही ना?

पाणी आलं. आधी थोडं करडं, मग फिकट, आणि मग बरणीच्या तळाखाली धरलेलं बाईंचं बोट स्वच्छ दिसू लागलं! बाईंनी आपलं यंत्र पाण्यात बुडवलं आणि आकडा पाहून त्या खुदकन हसल्या.

“प्रयोग चालू राहील. पण कण निसटले हे तुम्हांला आधी कळलं कसं?”

“मला मासा लागला होता!” शेपूट म्हणाला. बाईंनी त्याच्या ओल्या, काळ्या हाताशी हस्तांदोलन केलं. शंकासुराची पाठ थोपटली, तेव्हा त्यालाही काही विचारायचं सुचलं नाही.

मावशीने भिंगरीला घट्ट जवळ घेतलं. “मी माझ्या पुडीवर शंका घेत बसले, आणि चुंबक बघायला गेलेच नाही. तू एका जागी बसली नाहीस, म्हणून वाचलो गं!”

“हे आईला लिहून देशील?” भिंगरीने विचारलं.

तेवढ्यात खोलीतून काकांची हाक आली. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर काळे पट्टे उमटले होते, आणि ते उत्साहाने हात हलवत होते.

“अहो बाई, लवकर या! बघा तरी, आमचे चुंबक किती छान काळे झालेत!”