चौकटी कंसातलं ‘थांब’

“या दोन पानांत काहीतरी गडबड आहे.”

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचमध्ये शेजारचा माणूस माझ्या मांडीवरच्या कागदांत खुशाल डोकावत होता. मला असल्या सवयी अजिबात खपत नाहीत.

“काय गडबड?” मी फणकारले.

“इथे शेवटच्या ओळीत थांबण्याची खूण आहे... त्या पानावर नाही.”

गडबड होतीच! दोनशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी संगीतकाराचं पियानोवरचं रात्रगीत, आणि त्याची नवी आवृत्ती छपाईसाठी मी तयार करत होते. पॅरिसला छापलेल्या प्रतीत ती खूण होती — उलट्या चंद्रबिंदूसारखी. म्हणजे इथला सूर धरून ठेवा. जर्मनीत लाइपझिगला छापलेल्या प्रतीत ती नव्हती. आणि संगीतकाराच्या स्वतःच्या हस्तलिखितात नुसता एक ठिपका. खूण अर्धी राहिली, की शाई सांडली? महिनाभर मी त्या ठिपक्यापाशी अडले होते.

रेवसच्या धक्क्यावर उतरल्यावर त्याने विचारलं, “काळूराम म्हात्रेंचं घर कुठे? पियानो सुरात लावायचाय.”

मला हसूच फुटलं. “चला. मी त्यांचीच मुलगी, विनिता.”

तो प्रज्योत. आमचा जुना पियानो बाबांनी मिठाच्या ट्रकमधून घरी आणलेला, खाऱ्या हवेने सारखा बेसूर होणारा. प्रज्योत मग दर महिन्याला यायला लागला. बाबा कुरकुरायचे, “ह्यो बाजा हाय का आजारी म्हस? सारखा डाक्टर लागतो!”

तो तारा पिळायचा, मी शेजारी पानं ताडून बघायची. मध्येच मान वर न करता विचारायचा, “ठिपक्याचं काय झालं?”

“चौकशी चालू आहे.”

“ठिपक्याचीच ना? मला वाटलं... माझी.”

माझे कान तापायचे. पण बोलायचे नाही मी. माझा नियम कडक — मूळ प्रतीत जे नाही, ते छापायचं नाही. अगदीच भर घालावी लागली, तर ती चौकटी कंसात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे संपादकाचं. मनालाही मी हाच नियम लावून ठेवला होता. तो स्पष्ट काही म्हणाला नाही, मग मी कशाला म्हणू?

सातव्या महिन्यात काम आटोपून त्याने पियानोचं झाकण लावलं, पण उठला नाही.

“गुरुवारी मस्कतला चाललोय. तिथल्या हॉटेलांचे पियानो बघायचे. दोन वर्षं.” माझ्याकडे बघत राहिला. “तुम्हाला काही... म्हणायचंय?”

“अभिनंदन,” मी म्हणाले.

तो मान हलवून निघून गेला. किती मूर्ख असावं एखादीने! डोळे पुसत पानं आवरायला गेले, तर पियानोवर त्याची चावी. तारा पिळायची, रोज हातात असणारी.

“इसरला आसंल,” बाबा म्हणाले.

चावी विसरणारा पियानोवाला? विसरला, की ठेवली? पुन्हा तोच ठिपका! शाई, की खूण?

आणि मग मला फार भीती वाटली. कुठल्याच प्रतीत याचं उत्तर मिळणार नव्हतं. मी शेवटचं पान ओढलं, ठिपक्यावर पेन्सिलीने चौकटी कंस काढला, आत एक शब्द लिहिला आणि चावी घेऊन धक्क्याकडे धावत सुटले.

लाँच लागली होती. तो रांगेत शेवटी होता.

“तुमची चावी.”

“हो... राहिली.”

“राहिली, की ठेवली?”

मी पान पुढे केलं. त्याने वाचलं, हळूच. “[थांब]... हे कुठल्या प्रतीत आहे?”

“कुठल्याच नाही. भर माझी आहे.” मी पान त्याच्या हातात दिलं. “मला तुम्ही हवे आहात, प्रज्योत. जाऊ नका.”

“ओ शेट, येताव का न्हाय?” लाँचवाला ओरडला.

प्रज्योतची नजर पानावरून हलली नाही. “किती थांबायचं?”

“या खुणेला माप नसतं. वाजवणाऱ्याने ठरवायचं.”

लाँच सुटली. पाणी धक्क्यावर आपटून परत गेलं. प्रज्योतने बॅग खाली ठेवली आणि माझ्या हातातून चावी घेतली... हात मात्र सोडला नाही.

“विसरलो नव्हतो गं,” तो म्हणाला. “ठेवली होती.”