तीन टाके

इल्योस, दार ओढून घे आणि चहा ओत. नोदिरला तुम्ही ओळखता. रिश्तानच्या नाक्यावर खरबुजं विकतो, तोच. पण हा माणूस पूर्वी गाड्या आतून सजवायचा, हे तुम्हा पोरांना ठाऊक नसेल. दुकान नव्हतं. व्हॅनमध्ये शिलाई मशीन, कातड्याच्या गुंडाळ्या, गोंदाचे डबे. फोन आला की तुमच्या अंगणात येऊन सीटा, दारं, छत, सगळं मढवून द्यायचा. ही गोष्ट त्यानं स्वतः मला सांगितली; मला तो अका म्हणतो, थोरला भाऊ. खरबूज गोड आहे असं नोदिर खोटं सांगेल, पण हे नाही.

तेव्हा या धंद्यात दोघं होते, नोदिर आणि तुर्गुन. एकाच उस्ताच्या, म्हणजे कसबी कारागिराच्या, हाताखाली शिकलेले. जाड सीट हातानं शिवायची तर एक पुढे बसतो, एक मागे. एकानं सुई आत ढकलायची, दुसऱ्यानं ओढून परत पाठवायची. सहा वर्षं हे दोघं असे समोरासमोर बसले, मध्ये सीट. मग दोघांनी आपापली व्हॅन घेतली.

नोदिरचा टाका जास्त सरळ, मशीनही भारी. तरी लोक विचारायचे, "तुर्गुन कधी मोकळा आहे?" तुर्गुनची आई सुझनी भरायची, लग्नात भिंतीला लावतो ती. त्या बायका भरतकामाचा एक कोपरा मुद्दाम अर्धा ठेवतात. काम पुरं झालं की हात कायमचा थांबतो, म्हणतात. तुर्गुननं तेच उचललं. चालकाच्या सीटच्या पाठीवर हिरव्या रेशमानं बदामाचं एक पान काढायचा आणि शेवटचे तीन टाके सोडून द्यायचा. लोक मिरवायचे, "आमच्या गाडीत तुर्गुनचं पान आहे." नोदिरच्या पोटात दुखायचं.

एकदा लग्नाच्या पंगतीत तो म्हणालाच, "तू काम अर्धं सोडतोस आणि लोक तुझं नाव घेतात. मी पुरं करतो, मला कुणी विचारत नाही."

तुर्गुन हसला. "मग तूही एक पान काढ की, गड्या. तीन टाक्यांची मेहनत वाचेल."

"तुझं उष्टं नको मला."

त्या ऑक्टोबरात तुर्गुन गेला. छातीत कळ आली, संपलं. खांदा देताना नोदिरच्या मनात आलं, आता मला बोलावतील. हेही त्यानंच सांगितलं. मान खाली घालून.

आणि बोलावलं. पंचवीस डिसेंबर, सोमवार. चिल्ला लागतो ती रात्र, चाळीस दिवसांच्या थंडीतली पहिली. कुवाच्या रस्त्यावर हमीदुल्लाचं घर आहे, तिथं.

"उद्या मुलाची वरात आहे," हमीदुल्ला म्हणाला. "गाडीत चालकाच्या सीटची कड उसवलीय, तेवढी शिव. पान मात्र जपून, उस्ता. तुर्गुनच्या हातचं आहे."

त्यानं गरम शोरबा खायला घातला आणि आत जाऊन झोपला. नोदिर मागच्या सीटवर बसून एकटा शिवत राहिला. सव्वा अकराला कड झाली. समोर ते पान. तीन टाके घातले की ते कुणाचंही पान होणार होतं. हिरवं रेशीम त्याच्याकडे नव्हतं. त्यानं तपकिरी दोरा ओवला.

पहिला टाका. सुई ढकलली. परत आली.

दुसरा. ढकलली. परत आली.

हात सवयीनं चालत होता. सहा वर्षांची सवय.

तिसऱ्या टाक्याला तो थांबला.

पुढे कुणी बसलेलं नव्हतं.

आरशात पाहिलं. चालकाची जागा रिकामी. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. बोटांत दोरा होता. दोरा हळूच ताणला गेला... पुढून. मग थांबला. वाट पाहत असल्यासारखा.

"तुर्गुन?"

...

"तुर्गुन, मी फक्त..."

दोरा ओढला गेला. सगळा. बोटांतून सरकत, आत, शेवटच्या टोकापर्यंत.

नोदिरनं व्हॅन तिथंच सोडली. बर्फातून अकरा किलोमीटर पायी घरी गेला.

सकाळी वरात निघण्याआधी तो व्हॅन न्यायला आला. हमीदुल्ला खुशीत होता. "कड झकास बसलीय, उस्ता. आणि पानाला हात लावला नाहीस, बरं केलंस."

नोदिरनं वाकून पाहिलं. हिरवं पान. तीन टाक्यांची जागा रिकामी. सुईचं भोकसुद्धा नाही.

मग त्यानं आपली व्हॅन उघडली. कुलूप जसंच्या तसं, किल्ली रात्रभर त्याच्याच खिशात. त्याच्या सीटची पाठ त्यानं स्वतः शिवलेली होती, साध्या काळ्या कातड्याची. तिच्यावर आता बदामाचं पान होतं. हिरव्या रेशमाचं.

नाही, इल्योस, थांब. मीही त्याला हेच विचारलं होतं, अर्धं होतं का म्हणून. तो खरबूज कापत होता. सुरी थांबली.

"नाही, अका," म्हणाला. "पुरं होतं. शेवटचे तीन टाके तपकिरी."