चार मात्रांची जागा

रविवारी दुपारी गुरुराज वही घेऊन समोर बसला की अंबूबाईंना वाटायचं, एवढं शिकून पोरगा शेवटी आला कुठं, तर आईच्या गळ्याशी. सहासष्ट साल. यशवंतपुराकडच्या एका संस्थेत तो यंत्राला चाली रचायला शिकवत होता. बायकांच्या गाण्यांचे सूर आकड्यांत लिहायचे, कागदी पट्टीवर भोकं पाडून यंत्राला भरवायचे. कुठल्या सुरामागून कुठला येतो ते मोजून यंत्र आपली नवी चाल वाजवणार.

"स्वतःला सूर नाही म्हणून यंत्राला राबवतोस होय रे?" अंबूबाई म्हणायच्या, आणि गायच्या. भूपाळ्या, मंगळागौरीची गाणी, शेवटी बारशाचा पाळणा.

पाळण्यात बाळाचं नाव घ्यायची जागा येते. समोर बाळ नसलं तर त्यांच्या घरी ती जागा रिकामी सोडतात. चार मात्रा नुसती मान हलते. गुरुराजनं तिथं शून्यं लिहिली.

पंधरा दिवसांनी तो वैतागून घरी आला.

"अम्मा, यंत्र प्रत्येक चालीत चार मात्रा गप्प बसतंय. भूपाळीतसुद्धा."

"मग काढून टाक तो पाळणा."

"काढला गं. पट्टी फाडली. आता आठ मात्रा गप्प बसतंय."

वाती वळता वळता अंबूबाईंचा हात थांबला.

गुरुराजच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. अकराव्या दिवशी गेली. पाळणा बांधून झाला होता, आत्या धारवाडहून निघाली होती. आत्यानं कानात सांगायचं नाव अंबूबाईंनी मनाशी ठरवलं होतं. मग ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. एकोणतीस वर्षं. पोर गेली ती गेलीच, पण तिला हाक मारायचीसुद्धा सोय राहिली नाही.

"उद्या सगळं पुसून पहिल्यापासून करणार," गुरुराज म्हणाला.

"पुसायच्या आधी मी येते."

"तू? तिथं?"

"का? सोवळ्यात असतं का तुझं यंत्र?"

भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता. भुतं असती तर सासूनं केव्हाच गाठलं असतं.

यंत्राची खोली थंडगार होती. कपाटाएवढ्या लोखंडी पेट्या, एकीला आवाजाची जाळी. गुरुराजनं बटण दाबलं. चाल निघाली, पत्र्यावर नख ओढल्यासारखी. मग थांबली.

आठ मात्रा.

सोळा.

"बघ, बिघडलंय." गुरुराज बटणाकडे वळला.

"हात लावू नकोस."

अंबूबाई जाळीशी वाकल्या. आत्या जाऊन दहा वर्षं झाली होती. आता सांगणार कोण? तोंडाशी हाताचा आडोसा धरून त्यांनी नाव सांगितलं.

चाल पुढे सुरू झाली. शेवटपर्यंत गेली.

"अम्मा, काय केलंस?"

"सरी, नीट झालं ना? मग झालं."

परतताना बसमध्ये जागा नव्हती. बाजारातून टोपली घेऊन निघालेली एक बाई झटकन उठली.

"बसा अक्का. उभ्यानं कसं जमायचं तुम्हाला?"

अंबूबाई बसल्या. बाई त्यांच्या डाव्या खांद्याकडे कौतुकानं बघत होती.

"खिडकीतनं वारं येतंय. स्वल्प झाका तिला."

अंबूबाईंनी पदर ओढून घ्यायला हात खांद्यावर नेला. तिथं लुगडं लाळेनं भिजलं होतं, अजून कोमट.