खंडेनवमीचा जोड

मानवजातीचं भवितव्य अंतराळात आहे, असं माझं ठाम मत आहे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंग मिळेनासं झालं, तेव्हापासून ते जास्तच ठाम झालं.

म्हणून मी, वरच्या मजल्यावरचे रंगनाथकाका आणि आयटीतली माझी पुतणी नम्रता, आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून अंतराळात जात असू. कॉम्प्युटरवरचा खेळ तो. भरकटलेली, मोडकी यानं शोधायची, तिघांनी मिळून डागडुजी करायची आणि ओढून बंदरात आणायची. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यानंतर त्यांनी हातानं उभं केलेलं एवढंच: आमचं यान, 'गोदावरी'. या खेळात गेलेलं यान परत मिळत नाही.

अष्टमीला एका काळ्याठिक्कर, मेलेल्या यानाला दोर बांधताना 'गोदावरी'ची कूस फाटली. हवा गळू लागली. निम्मं वेल्डिंग झालं आणि काकांनी हत्यार खाली ठेवलं.

"उद्या खंडेनवमी. आता पूजेला बसवायचं. हात लावायचा नाही."

"अहो काका, ती हत्यारं खोटी आहेत!" नम्रता ओरडली.

"मग पूजाही खोटी करू?"

तिन्ही कॉम्प्युटर बंद झाले. त्यांना हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. आपल्या माघारी खेळ चालूच राहतो आणि हवा गळतच राहते, हे तिघांनाही ठाऊक होतं. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

दसऱ्याला सकाळी भीत भीत आत शिरलो.

'गोदावरी' होती. हवा पूर्ण भरलेली. कुशीवर एक बारीक, सरळ जोड.

"अनिरुद्ध, हा तुझा नव्हे," काका म्हणाले. "तुझं वेल्डिंग सांडलेल्या पिठल्यासारखं असतं."

"नम्रता, तुझा?" मी विचारलं.

"नाही. मला वाटलं, काकांचा."

 मग, कारखान्यातली सवय, काकांनी हातोडीनं जोड दोनदा ठोकून पाहिला.

मेलेल्या यानातून दोनदा उत्तर आलं.



"दोर ताणा," शेवटी काका म्हणाले.

ओढून आणलं! एवढं मोठं धूड त्या बंदरात कुणी आणलं नव्हतं. अनोळखी यानांनी दिवे उघडझाप करून सलामी दिली. काका जिना उतरून खाली आले आणि माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घ्या, कप्तान. सीमोल्लंघन झालं."

जोड लावणाऱ्याचे आभार मानावेत म्हणून नम्रतानं खेळाच्या कंपनीकडे चौकशी केली. आम्ही बाहेर पडल्यापासून खंडेनवमीभर तो खेळ देखभालीसाठी जगभर बंद होता. हवासुद्धा गळत नव्हती.