गाडीखालचा ठोका

ज्या कुणी सड्यावरच्या वाडीचा रस्ता पूर्ण झाल्याची सही केली आहे, त्याला एकदा माझ्या जीपच्या मागच्या बाकावर बसवून त्या रस्त्याने आणायला हवं. कागदावर तिथे डांबर आहे. प्रत्यक्षात बैलाएवढाले दगड आहेत, आणि त्यातल्याच एकाने मंगळवारी आमच्या गाडीचं कंबरडं मोडलं.

गाडी म्हणजे लष्करातून निवृत्त झालेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी जीप. कॉलेज संपल्यावर आम्ही चौघी मैत्रिणींनी ती घेतली आणि राजूरच्या वरच्या वाड्यांतली आजारी माणसं दवाखान्यात आणायला लागलो. बाकी तिघी नोकरीला गेल्या. मी आणि जीप उरलो. सड्यावरच्या सविताचे दिवस भरले होते. बाळ आडवं होतं, आणि शुक्रवारी सकाळी तिला खाली आणाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जीप नसेल तर झोळी, आणि झोळीने चार तास.

म्हणून गुरुवारी दुपारी मी मच्छिंद्रकाकांच्या गॅरेजमध्ये उभी होते, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. बाहेर श्रावणातलं धुकं इतकं दाट, की समोरचं चहाचं दुकान नुसतं वासावरून कळत होतं. काकांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, खाली सरकले आणि टॉर्चने एकेक सांधा तपासत गेले.

"मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, त्यो बदलू," शेवटी खालूनच आवाज आला. "पर चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच भेग हाय, रोहिणीताई. पाट्याच्या बरुबर वर. दोन दिस तरी द्या."

"सकाळी सातला निघायचंय, काका."

"मग मला कशाला इचारता, घड्याळालाच इचारा."

त्यांची पद्धत अशी. भेगेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग जाड लोखंडी पट्टी शंकरपाळीसारखी तिरकी कापून वर जोडायची, म्हणजे सगळं ओझं एका रेषेवर येत नाही. हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी, अमृत मिस्त्रींनी शिकवलेलं. मला त्या दिवशी ती निव्वळ कटकट वाटली. कोपऱ्यात एक चौकोनी पट्टी तयारच पडली होती.

"हीच मारा ना. शंकरपाळ्या दिवाळीला करू."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे मिस्त्रींचा हार घातलेला हसरा फोटो होता, खाली फळीवर त्यांची तपकिरीची डबी. "मिस्त्री असते तर पाना फेकून मारला असता तुमाला."

"त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

"म्हनून तर बोलताय."

पण त्यांनी ऐकलं. मी सविताचं नाव तीन वेळा घेतलं होतं, न ऐकून करतात काय. ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा वास सुटला, चौकोनी पट्टी बसली. मी खूश. काका मात्र हातोडी घेऊन तसेच उभे.

"आता ठोकून कोन बघनार? ज्यानं जोडलं त्यानं ठोकायचं न्हाई, असा मिस्त्रींचा नेम. आपलंच काम आपल्या कानाला ग्वाडच वाजतंय."

"राहू द्या ठोकणं. पाटा घ्या बसवायला," मी म्हणाले.

तेवढ्यात लाइट गेली.

चारच वाजले होते, पण धुक्याने गॅरेजमध्ये संध्याकाळ आणली. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर बंद पडला आणि पत्र्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. आम्ही दोघं दारापाशी चहा पीत उभे होतो. गाडी आमच्या पाठीमागे, सहा हातांवर.

ठण.

मी कप खाली घेतला.

ठण... मग थोडं थांबून, जणू कुणी खालून पुढे सरकलं... आणि मग तिसरा. तो वाजला नाही. भिजक्या मडक्यावर मारल्यासारखा नुसता भद्द आला.

"काका, तुमची हातोडी..."

"माज्या हातात हाय."

मी मोबाईलचा टॉर्च लावून वाकले. गाडीखाली पोतं होतं, तेलाचं डबकं होतं, माणूस नव्हता. तपकिरीचा वास मात्र होता, नाकात चढणारा. काका तपकीर ओढत नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर हा माणूस शाळेत पकडल्यासारखा मान खाली घालून उभा.

"व्हय मिस्त्री," ते हळूच म्हणाले. "लाइट येऊ द्या. कापतो परत."

मी समाजशास्त्र शिकलेली मुलगी. अंधश्रद्धेवर गावोगाव भाषणं दिली आहेत. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "लवकर कापा."

अर्ध्या तासाने लाइट आली. काकांनी पट्टी उतरवली, आणि मला बोलावून बोटाने दाखवलं. वेल्डिंगच्या उष्णतेने भेग पट्टीखालून दोन बोटं पुढे गेली होती. वरून काहीच दिसलं नसतं. त्या चढावर, सविता मागे असताना, चासी तिथेच उघडली असती. घाई माझी होती. मी पुन्हा घड्याळ पाहिलं नाही.

भोक पाडलं. शंकरपाळ्या कापल्या, आतून एक, बाहेरून एक. नवा पाटा बसला. उजेड सरत आला तेव्हा काकांनी हातोडी माझ्या हातात दिली. "जोडलं मी. ठोकायचं तुमी."

मी पोत्यावर आडवी होऊन आत सरकले. लोखंड अजून कोमट होतं. हातोडी उचलली. ती चासीला लागायला वीतभर बाकी होती...

ठण.

माझ्या कानाशी. मग ठण. मग तिसरा, लांब घुमणारा, देवळातल्या घंटेसारखा. तपकिरीचा वास आला आणि विरला.

"झाक वाजतंय," बाहेरून काका म्हणाले. "या आता."

मी हातोडी मारलीच नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी काका स्वतःहून सोबत आले. त्या दगडांच्या उतारावर मागचं चाक अधांतरी लटकलं, गाडी कण्हली, सविता ओरडली. चासीने दम सोडला नाही. अकराच्या आत आम्ही दवाखान्यात. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, आणि तिने पहिल्याच दमात अख्खा वऱ्हांडा डोक्यावर घेतला. काका एवढे हसले की नर्सने त्यांना बाहेर काढलं.

सविताच्या सासूबाई, बनुबाई, बाकावर बसून पेढा चघळत होत्या. मी त्यांच्याशेजारी टेकले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"पोरी, तुमच्यातला त्यो तिसरा मानूस कुठं गेला गं?" त्या म्हणाल्या. "तू आत सविताला उठवत हुतीस, तुमचं काका गाडी वळवत हुते, तवा त्यो आमच्या वसरीत आल्ता. लई हसरा. हात काळे झाल्यात, म्हनून पानी मागितलं. म्या तांब्याभर वतलं त्याच्या हातावर, पर वसरीची भुई कोरडीच ऱ्हायली."