पियानोची उजवी बाजू

पियानो दुरुस्त करणारं, हलवणारं, जमल्यास भाड्यानं नेणारं जवळपास कुणी आहे का, असं स्नेहलताबाईंनी मोबाईलला विचारलं, तर त्यानं खुशाल पुण्याचे पत्ते दाखवले. एका पत्त्यावर फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "मॅडम, देऊळगाव राजा नक्की कुठे येतं?" शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईंनी मुकाट फोन ठेवून दिला.

घाई त्यांच्या मुलाला, आल्हादला होती. वडील, रमाकांतराव, गेल्यापासून आई एकटी, म्हणून त्यानं पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती. त्या खोलीत आई मावणार होती, पियानो नव्हे. रमाकांतरावांनी तो एका बंद पडलेल्या शाळेतून हौसेनं आणला होता आणि रोज दिवेलागणीला ते त्याच्यापुढे बसत. ते गेले तसं त्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. चिखलीकडचं एक मंगल कार्यालय तो स्टेजवर मांडायला भाड्यानं न्यायला तयार होतं, पण वाजता हवा म्हणे. बाईंना तो जायला नको होता, आणि घरात होता तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. हे सांगणार कुणाला? घरात बोलायला उरलं होतं कोण?

शेवटी देवळातल्या भजनी मंडळानं नाव सुचवलं, जळगाव जामोदचे गुलजारभाई. हार्मोनियम दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिल्ह्याच्या त्या टोकाहून भाच्याची ओम्नी घेऊन ते आले, झाकण उघडून आत डोकावले. उंदरांचा आणि जुन्या लोकरीचा वास खोलीभर पसरला.

"बाई, उंदरानं आतली लोकर खाल्ली. पट्ट्या अन् हातोड्या सगळ्या काढून घेऊन जातो. धूड राहू द्या इथंच. उगाच हलवलं तं तारा उतरतीन."

"म्हणजे तोवर वाजणार नाही?"

"कसा वाजीन? तोंडात दातच नाई राह्यले."

पट्ट्यांची पोती ओम्नीत घालून ते गेले. त्या संध्याकाळी बाई कुकर लावत होत्या आणि बाहेरच्या खोलीतून एक खालचा सूर आला. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. मग दुसरा सूर आला, तिसरा आला. रमाकांतरावांनी स्वतः बांधलेली ती चाल होती, दोघांनी मिळून वाजवायची. लांब बाकावर डावीकडे ते बसत, खालचे सूर त्यांचे. उजवीकडे बाई, वरचे सूर त्यांचे. प्रत्येक ओळ संपली की ते थांबत आणि बाईंकडे बघत. आताही चाल थांबली. सगळं घर वाट बघत राहिलं.

बाईंना भीती वाटलीच, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंद मोठा होता.

"अहो..." त्या दारातूनच म्हणाल्या.

दात नसलेल्या त्या पेटीनं पुन्हा तीच ओळ म्हटली, आणि पुन्हा थांबली.

मग हे रोजचंच झालं. आल्हादला बाईंनी 'दिवाळीनंतर बघू' म्हणून टोलवलं. दिवेलागणीला त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. एकच गोष्ट त्यांना खात होती. ते थांबतात, आणि आपल्याला उत्तर देता येत नाही, दाबायला पट्टीच नाही. न राहवून त्यांनी गुलजारभाईंना फोन केला. "जसं असेल तसं घेऊन या. मला वाजवायचंय."

गुलजारभाई आले. मान खाली घालून त्यांनी पट्ट्या बसवल्या. चहा ठेवू का म्हटलं तर नको म्हणाले.

"बाई, एक विचारू? हा पियानो घरात कोन वाजवे?"

"आमचे हे. डावीकडे ते बसायचे, उजवीकडे मी."

गुलजारभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. "म्या दुकानात टेबलावर पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या. मगरिबच्या नमाजाच्या टायमाले, दिवस बुडता बुडता... आपोआप दबून राह्यल्या होत्या. रोज. माह्या पोरीनं, सफानंबी पाह्यलं."

"डाव्या बाजूच्या?" बाईंनी आशेनं विचारलं.

"नाई... उजव्या. दबायच्या, थांबायच्या... मंग पुन्हा दबायच्या. जसं कोनी कोनाले जवाब देऊन राह्यलं."

"पण मी तर इथंच होते."

"हाव," गुलजारभाई म्हणाले, आणि हत्यारं गोळा करून निघून गेले.

बाईंना आधी राग आला. सगळा संसार ज्या जागी बसून काढला, त्या जागेवर दुसरं कोण? दिवस मावळताच त्या बाकाच्या उजव्या टोकाला जाऊन बसल्या, अगदी कडेला, पलीकडे टाचणीलाही जागा उरू नये अशा. बोटं पट्ट्यांवर ठेवली. डावीकडच्या पट्ट्या दबू लागल्या, आणि भरल्या आवाजात ओळ वाजली. मग ती थांबली. बाईंनी बोट उचललं.

तेवढ्यात उजवीकडून, जिथं बसायला जागाच नव्हती तिथून, कुणाचा तरी कोपर त्यांच्या कुशीला लागला आणि त्यानं त्यांना हलकेच बाजूला सारलं. तो कोपर जिवंत माणसाचा असावा तसा उबदार होता. त्याच्या खाली दुसऱ्याच कुणा बाईच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या, आणि डावीकडच्या सुरांना उत्तर मिळालं.