बाय-टू

"मी अत्यंत जिज्ञासू, कष्टाळू, आणि... आणि..."

दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, उंच टेबलापाशी एक तरुण भिंतीवरच्या गणपतीला स्वतःची ओळख करून देत होता. शेजारी कॉफीची वाट बघणाऱ्या सिंचनाला हसू आवरेना. मुलाखतीला निघालेले असले प्रोग्रामर बसवनगुडीत पैशाला पासरी!

"आणि नम्र," तिने पुरवलं. "तेवढं राहिलं."

तो दचकला. मग कानापर्यंत हसला. "नम्र आहे, हे आपणच सांगायचं?"

"सगळे सांगतात. बरं, स्वतःला दहापैकी किती देणार? नऊ? दहा म्हणू नका हं. आमच्या कंपनीत मुलाखतीला आलेल्या दहावाल्यांना मी दारातूनच परत पाठवते."

"सात."

"सातच? का हो?"

"बाकीचं अजून तपासलेलं नाही..."

सिंचनाने त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. ती टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हा तिचा धंदा आणि स्वभावही. कुलूप लावलं तरी ही बाई ते चारदा ओढून बघणार! 'माझ्या मशीनवर तर नीट चालतंय' म्हणणारे तिने ढिगाने पाहिले होते. न तपासलेलं कबूल करणारा हा पहिलाच. आहे तरी कोण हा?

"मंजण्णा, एक बाय-टू!" त्याने काउंटरकडे हाक दिली. एक कॉफी दोन पेल्यांत आली. "अख्खी प्यायलो तर हात थरथरतील. अर्धी तुम्ही घ्या ना."

दिगंत त्याचं नाव. त्याला नोकरी लागली, तीही तिच्या ऑफिससमोरच्याच इमारतीत. मग रोज संध्याकाळी बाय-टू. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. पेला देताना बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही उगाचच वाफेकडे बघत राहायची.

पण सिंचनाची तपासून बघायची खोड जाते थोडीच! कधी मुद्दाम उशिरा आली, कधी त्याच्या बशीतला वडा त्याच्यादेखत फस्त केला. दिगंत आपला हसतोय. दर वेळी पास! मग तिला भलतीच हुक्की आली. न सांगता जायचंच बंद केलं तर... विचारेल का हा?

चार दिवस ती फिरकलीच नाही. त्याचा फोन नाही, मेसेज नाही. झालं, नापास! असं म्हणता म्हणता तिला रडूच कोसळलं. शेवटी न राहवून ती एका संध्याकाळी दर्शिनीत आली.

"होतीस कुठे गं?" मंजण्णा डाफरलाच. "तो बघ तुझा शहाणा. रोज बाय-टू मागवतो, एक पितो, दुसरी थंड झाली तरी मला उचलू देत नाही."

कोपऱ्यातल्या टेबलापाशी दिगंत उभा होता. समोर दोन पेले.

"फोन का नाही केलास?" तिने विचारलं.

"वाटलं, तुला यायचं नसेल. खोदून विचारणं बरं दिसेना."

"अरे वेड्या, मी... तुझी परीक्षा घेत होते."

त्याचा चेहरा पडला. "चालू गोष्टीवर चाचणी, सिंचना? तूच ना आम्हा प्रोग्रामरांना ओरडतेस, लोक वापरतायत तिथे प्रयोग करू नका, खरी माणसं अडकतात म्हणून? मी अडकलो होतो ना गं आत!"

त्याने बॅग खांद्याला लावली. आता हा गेला तर परत येणार नाही.

"दिगंत, थांब! विचार मला... दहापैकी किती आवडतोस ते."

तो थबकला. "किती?"

"दहा."

"तपासलंस?"

"नाही." तिची नजर हलली नाही. "आणि तपासणारही नाही."

त्याच्या बॅगेचा पट्टा खांद्यावरून हळूच घसरला. सिंचनाने दुसरा पेला उचलला आणि ओठाला लावला.

"अगं, थंडगार झालीय ती! दुसरी मागवतो ना..."

"असू दे," ती म्हणाली. "माझी आहे."